कनेक्शन आहे म्हणून वाल्व उघडा नका ठेवू बाप्पा

आमच्याकडं कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची अन संडास-न्हाणीची सोय असलेली गाडी, घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असते. गाडी लागली, लाइटची पिन घातली, पाण्याचा पाइप जोडला, मग मागं जाऊन चेंबरमधून वर आलेल्या त्या पांढऱ्या पाइपाकडं पाहतात अन म्हणतात, "काका, इथं गटाराचं कनेक्शन आहे ना, मग मी सांडपाण्याच्या टाक्यांचे दोन्ही वाल्व उघडेच ठेवतो, डोक्याला ताप नाही." अन दरवेळी मला तेच सांगावं लागते का बाबू, मोरीच्या टाकीचा एकवेळ ठेव उघडा, पण संडासाच्या टाकीचा बंद ठेव, कनेक्शन असलं तरी बंदच ठेव. लोकांना हे उलटं वाटते. काही जणांना तर वाटते का काका आपलं सेफ्टी टँक भरू नये म्हणून कंजुषी करून राहिले. म्हणून एकदाचं सगळं बैजवार लिहून काढतो, पुढच्या पाहुण्याला यायच्या आधीच पाठवून मोकळा.

जागेचं थोडक्यात सांगतो. चिमूर तालुक्यात ताडोबाच्या कोलारा गेटकडं जाणाऱ्या रोडला आमचं वावर आहे, सोयाबीन, तूर अन थोडी पऱ्हाटी. सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हा आम्ही घरात हसलो होतो का संडास-न्हाणी घेऊन वाघ पाहायला कोण येईन. तर आले ना लोक. पुण्याचे, मुंबईचे, हैदराबादचे, कोणाची टेम्पो ट्रॅव्हलर फोडून घरीच बनवलेली, कोणाची भाड्याची. रोडलगतच्या पट्ट्यात मुरूम टाकून गाड्यांच्या जागा काढल्या अन प्रत्येक जागेला लाइट, पाणी अन गटार दिलं. गटार म्हणजे नगरपालिकेचं नाही हां, ते इतक्या आत कुठून येईन, आमचंच सेफ्टी टँक अन पुढं शोषखड्डा. याचा विषय पुढं येतेच.

हे सगळं बांधताना माझा भाचा लय कामी पडला. तो टेक्सासला असते, त्याच्याजवळ ओढायची मोठी ट्रेलर आहे, अन तिकडं कॅम्पग्राउंडमध्ये लाइट, पाणी अन गटार तिन्ही मिळणाऱ्या जागेला फुल हुकअप म्हणतात, त्यात नवल काही नाही. रात्री व्हिडिओ कॉलवर तो मला दाखवायचा, मामा हे असं जोडायचं, मामा तो दांडा आधी ओढायचा नाही. दिवाळीत आला तर बॅगमध्ये चॉकलेटांच्या बाजूला एक काचेसारखा आरपार दिसणारा एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा वाकडा तुकडा, अन एक जाड रबरी रिंग. माझी बहीण म्हणे, पोरानं अमेरिकेतून आईसाठी साडी नाही आणली अन मामासाठी संडासाचा पाइप आणला. पण तोच एल्बो आज आमच्याकडं सगळ्यात कामाची वस्तू आहे, कसा ते सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच का गाडीत खाली दोन वेगळ्या टाक्या असतात. संडासाचं जाते ते काळ्या टाकीत, ब्लॅक टँक म्हणतात. बेसिन, न्हाणी अन भांड्याच्या सिंकचं जाते ते ग्रे टँकमध्ये. दोन्हीला खालून वेगवेगळा वाल्व असते, दांडा ओढला का उघडते, ढकलला का बंद. संडासाचा बहुतेक तीन इंची असते, मोरीचा दीड इंची, अन पुढं दोन्ही एकाच तोंडाला येऊन मिळतात, त्या तोंडाला आपला पाइप लागते. अमेरिकेतल्या ट्रेलरला काळी टाकी साधारण 30-40 गॅलन म्हणजे 115-150 लिटरची असते, आपल्याकडच्या गाड्यांत लहान असते, अन कित्येक गाड्यांत तर टाकीच नसते, अठरा-वीस लिटरची कॅसेट असते, सुटकेससारखी बाहेर ओढून रिकामी करायची. कॅसेटवाल्यांना वाल्वचं टेन्शन नाही, त्यांनी खालचं केमिकलचं तेवढं वाचावं.

आता मुद्दा. काळ्या टाकीचा वाल्व उघडा ठेवला तर होते काय? पाणी पातळ, ते आलं का लगेच निघून जाते. बाकीचं जड, ते निघत नाही. टाकीचं बूड सपाट असते, उतार नावाला. पाणी वाहून गेलं का मैला अन कागद तिथंच बसते, बरोबर संडासाच्या भोकाच्या खाली, त्याच्यावर दुसऱ्या दिवशीचं बसते, त्याच्यावर तिसऱ्या, अन वरून आपल्याकडचं ऊन, म्हणजे खालचं वाळून कडक. हळूहळू वारुळासारखा ढीग तयार होते अन एक दिवस तो ढीग वर भोकापर्यंत येऊन टेकते. मग फ्लश केलं का पाणी खाली जात नाही. अन माणूस म्हणते गाडीच खराब आहे. गाडीला काय झालं? टाकीतून मैला बाहेर काढणारं एकच यंत्र आहे ते म्हणजे पाणी, भरपूर पाणी, अन ते एकदम जोरात गेलं पाहिजे. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग वाल्व खटकन पूर्ण ओढा, त्या धक्क्यात सगळं सोबत घेऊन जाते. थेंब थेंब सोडलं तर पाणी एकटंच जाते.

मागच्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं होतं, भाड्याची गाडी, ज्यांच्याकडून घेतली त्यांनी सांगून दिलं होतं का कनेक्शन मिळालं का दोन्ही वाल्व उघडून टाका अन विसरून जा. बरं पाइप दिला तो कोणता, तर बागेला पाणी द्यायचा, त्याला वरून टेप गुंडाळून अडॅप्टर. आमच्याकडं येईपर्यंत त्यांनी गोव्यापासून असंच केलेलं. ताई बिचाऱ्या म्हणे, "काका, फ्लशचं पाणी वरच येऊन राहिलं." टॉर्च लावून संडासाच्या भांड्यातून आत पाहिलं तर ढीग समोरच. मग दोन्ही वाल्व बंद केले, भांड्यातून बादलीवर बादली पाणी ओतलं, टाकी पार गळ्यापर्यंत भरली अन रात्रभर तशीच भिजत ठेवली. दुसऱ्या दिवशी ताईंच्या नवऱ्याला, भाऊला, म्हटलं गाडी घेऊन चिमूरला चक्कर मारून या, हळू चालवा पण खड्डे चुकवू नका. आमच्या रोडला कोण काय काय म्हणते, पण टाकी आतून घुसळायला त्याच्यासारखा रोड नाही. आल्यावर सोडलं तर अर्धं निघालं. परत भरलं, परत चक्कर. तिसऱ्यांदा जाऊन पाणी साफ दिसू लागलं. गाडी देणाऱ्यांना भाऊनं फोन केला तर ते म्हणे असं कधी होत नाही. जाऊ द्या.

हे झालं म्हणून सांगतो, कनेक्शनचा खरा फायदा वाल्व उघडा ठेवण्यात नाहीच. खरा फायदा हा का पाणी मोकळ्या हातानं वापरता येते. जंगलात, रोडच्या कडेला मुक्काम असला तर माणूस फ्लशला घोटभर पाणी वापरते, टाकी लवकर भरू नये म्हणून. इथं ते करायचं कारण काय? भरली का सोडली, पाच मिनिटाचं काम. म्हणून इथं असेपर्यंत दरवेळी भांडं अर्धं भरून मगच फ्लशचं पायडल दाबा. आपल्या लोकांचं एक बरं आहे, आपण कागदावाले नाही, जेट स्प्रे नाहीतर मग्गा, त्यामुळं आपल्या टाकीत पाणी आपोआपच जास्त जाते, अन टाकीसाठी ते चांगलंच आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणे मामा, तिकडं लोक कागद अन पाणी याच्यावर तासंतास बोलतात, अन तुम्ही लोकांनी मग्ग्यात प्रश्न सोडवून ठेवला. फक्त भरते लवकर, तेवढं लक्ष ठेवायचं.

कागद वापरणाऱ्यांनी पातळ, लवकर विरघळणारा वापरा. पाण्याच्या बाटलीत एक तुकडा टाकून हलवून पाहा, लगेच त्याचा भुगा झाला तर चालते, तुकडा तसाच तरंगत राहिला तर नका वापरू. अन ओले वाइप्स, पॅड, लहान लेकरांचे डायपर, यातलं काहीच नाही, पाकिटावर फ्लश करा असं लिहिलेलं असलं तरी नाही. आमच्या चेंबरच्या जाळीत जे अडकते ते मला हातानं काढावं लागते, त्यामुळं या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

आता मोरीची टाकी, ग्रे. ही उघडी ठेवावी का बंद याच्यावर लोकांत दोन गट आहेत. उघडी ठेवली तर आंघोळ बिनधास्त करता येते, टाकी भरून पाणी न्हाणीच्या जाळीतून वर यायची भीती नाही. पण मग आमच्या चेंबरपासून तुमच्या टाकीपर्यंत रस्ता मोकळा झाला, वास येते अन झुरळं, त्या बारक्या मोरीच्या माश्या, सगळे पाइपातून चढतात. सिंकखाली जो वाकडा ट्रॅप असते त्यात पाणी थांबलेलं असते म्हणून घरात येत नाहीत, पण टाकीत मुक्काम करतातच. ज्यांना उघडीच ठेवायची त्यांना मी बाहेरच्या पाइपालाच एका जागी खाली वाकवून यू करून देतो, त्यात पाणी अडून राहते अन रस्ता बंद. पण माझं स्वतःचं मत विचाराल तर तीही बंदच ठेवावी अन भरली का सोडावी, कारण ते साबणाचं पाणी फुकट घालवायची चीज नाही. काळी टाकी सोडल्यावर पाइप धुवायला तेच कामी येते. अन उघडी ठेवलीच असेल तर काळी सोडायच्या आदल्या दिवशी तरी बंद करा म्हणजे तेवढं पाणी जमते.

ग्रे टाकीत वास नसते असं ज्याला वाटते त्यानं सावजी रस्सा करून ती भांडी कॅराव्हॅनच्या सिंकमध्ये धुवून पाहावी. तर्रीचं तेल टाकीच्या भिंतीला बसते, त्याच्यावर भाताची शितं, चहाचा गाळ, बेसन, अन दोन दिवसांनी त्या टाकीला जो वास सुटते तो काळ्या टाकीला लाजवते. भांडी आधी कागदानं नाहीतर राखेनं पुसा, सिंकला बारीक जाळी लावा. नाहीतर आमच्याकडं बाहेर मोरी आहे, तिथं घासा, घरची माणसं तिथंच घासतात.

सोडायचं कसं ते एकदा नीट. हातात रबरी मोजे घाला, ते मी देतो पण स्वतःचे असले तर चांगलं. दोन्ही वाल्व बंद आहेत ना ते दांडा ढकलून पाहा, मगच खालचं झाकण काढा, अन काढताना तोंड बाजूला ठेवा, कारण झाकणाच्या मागं थोडं पाणी अडकलेलं असतेच. पाइपाचं टोक गाडीच्या तोंडाला लावून फिरवायचं, टोकाचे दोन्ही कान, म्हणजे बाजूचे आकडे, बसल्याचा खट्ट आवाज आला पाहिजे, एकच कान बसला तर भार आला का पाइप निसटते अन मग जे होते ते मी लिहीत नाही. दुसऱ्या टोकाला तो आरपार एल्बो, त्याच्याखाली रबरी रिंग, अन ते आमच्या पाइपात घट्ट दाबून वरून वीट ठेवायची. वीट ठेवाच, पाणी जोरात आलं का एल्बो उडी मारते. मग आधी काळा वाल्व. पूर्ण ओढायचा, अर्धा नाही. एल्बोत पाहत राहा. पहिले दाट तपकिरी येते, मग एक क्षण थांबल्यासारखं वाटते, परत एक लोंढा येते, मग पातळ, मग पिवळसर. इथंच लोक वाल्व बंद करतात, तिथं थांबायचं नाही. भांड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओता, परत दाट येईन. पाणी साफ दिसेपर्यंत करा. मग काळा बंद, अन आता ग्रे ओढा, साबणाचं पाणी सगळा पाइप धुवून नेते. उलटं केलं, म्हणजे आधी ग्रे अन मग काळा, तर शेवटी पाइपात काय राहिलं ते तुम्हीच समजून घ्या.

झाल्यावर काळी टाकी कोरडी सोडायची नाही, हे कोणी सांगत नाही. वाल्व बंद करून भांड्यातून दहा-पंधरा लिटर पाणी सोडा, बुडाला थर पाहिजे, नाहीतर पहिलंच जे पडते ते कोरड्या प्लास्टिकला चिकटते. अन निघायच्या दिवशी टाकी अर्धीच असली तर तशी नका सोडू, पाण्यानं भरा अन मग सोडा. घाई असते मला समजते, सकाळच्या सफारीला पहाटेच गेटवर उभं राहायचं असते, म्हणूनच म्हणतो हे काम आदल्या संध्याकाळी करा. पहाटे चार वाजता अंधारात मोबाइल दातात धरून हे काम करणारे पाहिले मी, एकानं मोबाइलच पाइपात घातला.

टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे बहुतेक गाड्यांत असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. टाकीच्या भिंतीत बारके खिळे असतात, पाणी लागलं का दिवा लागते. त्या खिळ्यांवर कागदाचा तुकडा नाहीतर तेलाचा थर बसला का टाकी रिकामी करूनही दिवा दोन-तृतीयांशच दाखवते, जन्मभर. त्यापेक्षा टॉर्च लावून भांड्यातून पाहा. अन कानानंही कळते, फ्लश केल्यावर बुडबुड बुडबुड असा हवा वर यायचा आवाज आला तर टाकी भरत आली समजा.

आता उन्हाळा. ताडोबाचा कोर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असते अन वाघ पाणवठ्यावर दिसते ते एप्रिल-मेमध्ये, म्हणून लोक बरोबर तेव्हाच येतात जेव्हा आमच्याकडं कुत्रंही सावलीतून उठत नाही. ब्रह्मपुरी अन चंद्रपूरचं नाव रोज टीव्हीवर, पारा पंचेचाळीसच्या वर, नवतप्यात तर विचारूच नका. गाडीखालची टाकी तापते, अन आत हवा नसलेल्या ठिकाणचे जंतू उन्हात जास्तच जोर करतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघते, सडलेल्या अंड्याचा वास. थंडीत जे चार-पाच दिवस चालून जाते ते मेमध्ये दोन दिवसांत डोक्यात जाते. उपाय परत तोच, पाणी. सगळं पाण्याखाली बुडालेलं असलं का वास निम्मा. गाडी कडुलिंबाखाली लावा, त्या जागा आधी भरतात म्हणून लवकर सांगा.

वासाची दोन कारणं अशी आहेत का जी कोणाच्या लक्षातच येत नाहीत. एक म्हणजे छतावरचा पंखा. टाकीची हवा छतावर निघायला वेगळा पाइप असते, तो ठीकच असते. पण खिडक्या सगळ्या बंद, छताचा पंखा हवा बाहेर फेकून राहिला, अन तुम्ही पायडल दाबला, तर पंखा हवा ओढणार कुठून? टाकीतून. फ्लश करायच्या आधी पंखा बंद करा, झालं. अन दुसरं म्हणजे वाळलेले ट्रॅप. गाडी इथंच ठेवून लोक दोन-चार दिवस नागपूरला लग्नाला जातात, मेच्या उन्हात सिंकच्या अन न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी उडून जाते, संडासाच्या भांड्यात झडपेवर जे पाणी असते तेही, अन परत येऊन दार उघडलं का "काका, तुमच्या गटाराचा वास येऊन राहिला." जाताना सगळीकडं एकेक मग्गा पाणी टाका, भांड्यात थोडं जास्त, किंवा चावी मला देऊन जा, मी टाकतो.

पाइपाचा उतार हा तर वेगळाच किस्सा आहे. नियम साधा, फुटाला पाव इंच ढाळ, म्हणजे दहा फूट पाइपाला अडीच इंच. आमच्या मिस्त्रीनं पाण्याची नळी धरून लेव्हल घेतली होती, एक नंबर काम. पण जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईन अशा भेगा पडतात, पावसात ती फुगते, अन या वर-खालीत जमिनीतला पीव्हीसी पाइप कुठं उचलते, कुठं बसते. मिस्त्री मला आधीच म्हणे, "भाऊ, या मातीत पाइप तुम्हाले दरसाल पाहा लागन." बरोबर बोलला. पाइपाच्या खाली-वर मुरूम भरून घेतला तेव्हा कुठं जरा शांत झालं. शोषखड्ड्याचंही तेच, काळी माती पाणी पीत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. आपल्याकडं कोणी असं काही बांधून राहिलं असन तर आधी चार जागी खड्डे घेऊन पाणी ओतून पाहा, कंत्राटदाराच्या तोंडावर जाऊ नका.

गाडीपासून चेंबरपर्यंतचा तुमचा तो घडीचा पाइप जमिनीवर नुसता टाकू नका, मधे झोळ पडते अन झोळात मैला थांबते. विटा उतरत्या लावून ठेवल्या आहेत मी, त्याच्यावर टाका. अन वरून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, टाका, त्याचा पैसा नाही, ढीग पडलेला आहे. हे पाइप पातळ असतात, उन्हानं तडकतात, अन दुसरं म्हणजे आमची माकडं. ती काळ्या तोंडाची येतात, त्यांना तो नागमोडी पाइप दिसला का ओढूनच पाहायचा असते. झाकलेला असला का जात नाहीत. काम झाल्यावर धुवून गुंडाळून ठेवला तर सगळ्यात उत्तम, टाक्या बंदच ठेवायच्या आहेत तर पाइप दिवसभर जोडून तरी कशाला ठेवायचा?

आता माझ्या टँकचा विषय. शहराच्या गटारात तुम्ही काय टाकता ते पुढं प्लँटवाले पाहतात, इथं पुढं कोणी नाही. सेफ्टी टँकमध्ये जंतूच सगळं काम करतात, मैला खाली बसते, तेल-फेस वर तरंगते, मधलं बऱ्यापैकी निवळलेलं पाणी शोषखड्ड्यात जाते. ते जंतू मेले तर टँक म्हणजे नुसता हौद. अन ते मारायला तुमची ती निळी केमिकलची बाटली पुरते, ज्यात फॉर्मल्डिहाइड असते. टाकीचा वास मारते खरी, पण सोबत आणलेलं ते औषध शेवटी माझ्या टँकमध्येच उतरते. म्हणून आमच्याकडं फॉर्मल्डिहाइडवालं चालत नाही, बाटलीवर वाचून पाहा, एन्झाइमचं किंवा जंतूंचं मिळते ते आणा. फिनाइल, ब्लीच, अॅसिड हेही नको, त्यानं तुमच्याच वाल्वची रबरं कडक होतात. संडासाचं भांडं साफ करायला साधा भांडी घासायचा साबण अन ब्रश, बस. अन सगळ्या गाड्यांनी एकाच वेळी टाक्या सोडायच्या नाहीत, मी नंबर लावून देतो, कारण एकदम शेकडो लिटर आलं का टँकमधलं खाली बसलेलं सगळं ढवळून निघते अन मैलाच शोषखड्ड्यात जाते, अन खड्डा एकदा चोक झाला का नवीनच खोदा लागते. दोन-तीन वर्षांनी टँक उपसायची गाडी बोलावतो, मशीनचीच. स्वस्तात माणूस उतरवून करून देतो म्हणणारे येतात अजूनही, त्यांना मी फाटकातूनच परत करतो. 2013 च्या कायद्यानं ते बंद आहे, अन कायदा नसता तरी त्या गॅसमध्ये माणूस उतरवायचा म्हणजे काय.

पाण्याच्या पाइपाचं राहिलं. प्यायच्या पाण्याचा पाइप अन टाकी धुवायचा पाइप वेगळा, रंग वेगळा, ठेवायची जागा वेगळी. आमच्याकडं प्यायचा निळा अन धुवायचा हिरवा, नळही दोन बाजूला. काही गाड्यांत काळी टाकी आतून धुवायला बाहेरून नळ लावायची सोय असते, त्याला प्यायचा पाइप कधीच लावायचा नाही, पाच मिनिटासाठी सुद्धा नाही. मोटर बंद झाली, लाइन गेली, तर पाइपात पाणी उलटं ओढलं जाऊ शकते, अन आमच्याकडं लाइन कधी जाईन ते महावितरणलाही माहीत नसते. धुवायचं पाणी मी वरच्या सिंटेक्समधून दिलं आहे, लाइन नसली तरी येते.

पावसाळ्यात गटाराचं कनेक्शन बंद ठेवतो. जुलैपासून जमीन पाणी पिऊन गच्च होते, शोषखड्डा आधीच पावसाच्या पाण्यानं भरलेला, वरून गाड्यांचं सोडलं तर ते वावरात वर येईन. तेव्हा कोणाला यायचंच असलं तर लाइट अन पाणी मिळन, टाक्या रिकाम्या करूनच या अन निघेपर्यंत भरू देऊ नका, नाहीतर कॅसेटवाली गाडी आणा. ऑक्टोबरात गेट उघडलं अन सोयाबीन निघालं का चेंबर साफ करून, पाइपाचा ढाळ पाहून, परत सुरू करतो.